दोनशे रुपयांचा प्रश्न

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत आत्याकडे गेलो होतो. आत्या तालुक्याच्या गावी एकटीच राहते. फराळ झाला, गप्पा झाल्या, आणि मग तिने कपाटातून एक कापडी पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. "तू कॉम्प्युटरवाला ना, बघ जरा माझ्या केसचं काय चाललंय ते. वकीलसाहेब फोनच उचलत नाहीत."

केस साधीच. परसातल्या तिच्या जागेत शेजाऱ्याने भिंत घातली, ती काढून जागेचा ताबा मिळावा म्हणून दावा. पहिली दोन-तीन वर्षं आत्या प्रत्येक तारखेला एसटीने जायची, कोर्टाच्या व्हरांड्यात बसायची, पुढची तारीख घेऊन परत यायची. मग वकीलसाहेबच म्हणाले, "तुम्ही कशाला या वयात एसटीचे धक्के खात येता? मी आहे ना." आत्याला ते पटलं. मलाही पटलं असतं. वकील लावायचा तो त्याचसाठी ना?

पिशवीतल्या एका कागदावर केसचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर होता. फोनवर ई-कोर्ट्सचं ॲप उतरवलं, नंबर टाकला, आणि स्क्रीनवर आलं की केस निकाली. सात महिन्यांपूर्वीच. कारण: वादी गैरहजर. त्या दिवशी पुकारा झाला तेव्हा शेजाऱ्याचा वकील उभा होता, आत्याचा नव्हता. दावा काढून टाकला. एवढंच.

मी तिला समजावून सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "पण यात मी काय केलं?"

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुण्याला परत आल्यावर दोन-तीन वीकएन्ड याच वाचनात गेले. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली!) आत्याने विचारलेला प्रश्न जवळजवळ त्याच शब्दांत आपल्या सुप्रीम कोर्टाने 1981 साली विचारलेला निघाला. वकील तारखेला आला नाही तर शिक्षा कोणाला, हा प्रश्न आपल्याकडे शंभर वर्षं तरी चालू आहे. त्याचाच हा थोडासा इतिहास. मी वकील नाही, त्यामुळे हा कायदेशीर सल्ला समजू नका. एका इंजिनिअरने लॉग फाइल वाचावी तसं मी हे सगळं वाचलंय.

आधी यंत्र कसं चालतं ते बघू. आपली दिवाणी कोर्टं ज्या नियमांवर चालतात ती दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 सालची. त्याआधी 1859, 1877 आणि 1882 अशा तीन आवृत्त्या येऊन गेल्या. म्हणजे आपण चौथी आवृत्ती वापरतोय, त्यावर शेकडो पॅच मारून. या संहितेतला नववा आदेश हजेरी-गैरहजेरीचा. तारखेला दोन्ही बाजू आल्या नाहीत तर दावा काढून टाकता येतो, पण वादीला नवा दावा करायची मोकळीक असते. प्रतिवादी आला नाही तर दावा एकतर्फी चालतो आणि एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो. आणि प्रतिवादी आला पण वादी आला नाही (आत्याची केस!) तर दावा निकाली, आणि त्याच कारणासाठी पुन्हा नवा दावा करता येत नाही. उरतो एकच मार्ग, तोच दावा पुन्हा बोर्डावर घ्या म्हणून अर्ज करायचा. त्याला मुदत 30 दिवस. ती उलटली तर आधी उशीर का झाला ते सांगून विलंब माफीचा अर्ज.

आता यातली मेख बघा. 'वादी हजर' म्हणजे वादी स्वतः किंवा त्याचा वकील. तुम्ही वकीलपत्रावर सही केली की तुमच्या जागी वकील उभा राहतो. ते वकीलपत्र कोर्टाच्या परवानगीने रद्द होईपर्यंत, किंवा दोघांपैकी एक मरेपर्यंत, किंवा काम संपेपर्यंत चालू. म्हणजे कायद्याच्या नजरेत वकील आला तर तुम्ही आलात, आणि वकील नाही आला तर तुम्ही नाही आलात. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळी सिस्टिम एका सर्व्हरवर, आणि बॅकअप नाही. सर्व्हर पडला की भुर्दंड कंपनीला नाही, गिऱ्हाइकाला.

बरं, वकिलांचीही एक बाजू आहे, ती सांगायलाच हवी. तालुक्याच्या वकिलाची एकाच दिवशी तीन कोर्टांत पाच कामं असतात. कुठल्या खोलीत कुठला पुकारा किती वाजता होईल हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. तो एका खोलीत उलटतपासणी घेत असतो तेव्हा दुसऱ्या खोलीत त्याचं नाव पुकारलं जातं. बऱ्याचदा ज्युनिअर धावत जाऊन वेळ मागून घेतो, समोरचा वकीलही समजून घेतो. संहितेत स्पष्ट लिहिलंय की वकील दुसऱ्या कोर्टात अडकलाय हे तहकुबीचं कारण होऊ शकत नाही. 1999 च्या दुरुस्तीने (ती लागू झाली 2002 मध्ये) तर एका पक्षाला सुनावणीत तीनपेक्षा जास्त तहकुब्या नाहीत असंही घातलं. 2005 साली सुप्रीम कोर्टाने त्याला थोडी सवलत दिली, अगदीच नाइलाज असेल तर तीनच्या पुढेही देता येईल म्हणून. सवलत कुठपर्यंत ताणली गेली हे कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही विचारा.

पण इतिहासाकडे वळू. गैरहजेरीचे दोन प्रकार आहेत. एक, एकट्या वकिलाची, म्हणजे विसरला, अडकला, आळस केला. दुसरी, सगळ्या वकिलांची मिळून, म्हणजे बहिष्कार किंवा संप. पक्षकाराच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम एकच, पण कोर्टांनी आधी तोंड दिलं ते दुसऱ्या प्रकाराला.

सप्टेंबर 1920 मध्ये कलकत्त्याच्या खास अधिवेशनात आणि डिसेंबरमध्ये नागपूरला काँग्रेसने असहकाराचा ठराव केला. त्यात एक कलम होतं की वकिलांनी आणि पक्षकारांनी ब्रिटिश कोर्टांवर हळूहळू बहिष्कार घालावा. मोतीलाल नेहरू, चित्तरंजन दास, राजेंद्र प्रसाद अशा मोठमोठ्या वकिलांनी वकिली सोडली. लक्षात घ्या, *सोडली*. चालू ठेवून फक्त तारखांना दांडी मारली असं नाही. चालती प्रॅक्टिस, त्या काळातली प्रचंड कमाई, सगळ्यावर पाणी सोडलं. जे काय नुकसान झालं ते आधी त्यांचं स्वतःचं झालं.

त्याच सुमाराला कलकत्ता हायकोर्टापुढे दुसऱ्या जातीची प्रकरणं आली. 1922 चं एक, रजनीकांत बोस यांच्या नावाचं, आणि पुढच्या वर्षी छापून आलेलं तारिणीमोहन बरारी यांचं. वकिलांनी ठरवून, मिळून कोर्टात जायचं बंद केलं होतं. हायकोर्टाचं म्हणणं असं की हे समर्थनीय नाही. वकिलाने जी कामं हातात घेतलीयत त्यांत त्याची पक्षकारांशी बांधिलकी आहे आणि न्यायाचं काम सुरळीत चालावं म्हणून कोर्टाशीही आहे. एका गटाचा निषेध दुसऱ्याच्या केसच्या जिवावर करता येत नाही.

परक्या सरकारचं कोर्ट होतं, त्यामुळे तेव्हा हे ऐकून अनेकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली असेल. पण पुढे स्वतंत्र भारताच्या सुप्रीम कोर्टाने जेव्हा वकिलांच्या संपाचा प्रश्न हाताळला तेव्हा याच दोन निकालांचा आधार घेतला. राजवट बदलली, पण पक्षकार तोच राहिला.

आता पहिल्या प्रकाराकडे येऊ, म्हणजे एकट्या वकिलाच्या दांडीकडे. साल 1981. रफीक विरुद्ध मुन्शीलाल. अलाहाबाद हायकोर्टात रफीकचं अपील होतं. सुनावणीला त्याचा वकील आला नाही आणि त्याच्या गैरहजेरीतच अपील निकाली निघालं. रफीकला कळलं तेव्हा त्याने अर्ज केला, तोही फेटाळला. मग प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, न्यायमूर्ती डी. ए. देसाईंसमोर.

देसाईंचा निकाल अगदी छोटा आहे, दोन-तीन पानांचा. पण मी वाचला तेव्हा आत्याच डोळ्यांसमोर आली. ते म्हणतात त्याचा सारांश असा: आपल्या पद्धतीत पक्षकाराचं काम काय? वकील निवडायचा, त्याला केस समजावून सांगायची, मागेल ती फी द्यायची, आणि पुढचं त्याच्यावर सोडायचं. पक्षकार खेड्यातला असेल, त्याला कोर्टाची रीत ठाऊक नसेल. हायकोर्टात अपील असताना त्याने तिथे येऊन बसावं अशी अपेक्षाच नाही, आला तरी त्याचा उपयोग नाही. वकील कोर्टात जातोय की नाही यावर त्याने पहारा द्यायचा का? सगळं करून सवरून बसलेल्या माणसाचा यात दोष काय? वकिलाने चूक केली म्हणून निर्दोष माणसावर अन्याय होत असेल तर त्यात आम्ही सहभागी होणार नाही.

अपील पुन्हा सुनावणीला गेलं. आणि शेवटी खर्चाचा प्रश्न आला, कारण समोरच्या मुन्शीलालची तरी काय चूक? त्याला दिल्लीपर्यंत यावं लागलं होतं. देसाईंनी खर्च ठरवला 200 रुपये, आणि सांगितलं की तो रफीककडून नाही, गैरहजर राहिलेल्या वकिलाकडून वसूल करा.

दोनशे रुपये. 1981 मध्येही ही काही डोळे पांढरे होण्यासारखी रक्कम नव्हती. पण आकड्यापेक्षा बिलावरचं नाव महत्त्वाचं होतं. पहिल्यांदा ते योग्य माणसाच्या नावावर फाटलं होतं.

असं वाटेल की झालं, प्रश्न सुटला. पण नाही. 1993 साली सलील दत्तांची केस आली. कलकत्त्यातला भाडेकरू काढायचा दावा, भाडेकरू म्हणजे एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. सुनावणीच्या दिवशी कंपनीकडून कोणी उभंच राहिलं नाही, एकतर्फी हुकूमनामा झाला. कंपनी म्हणाली, आमच्या वकिलानेच सांगितलं की आज जायची गरज नाही, रफीकचा निकाल आम्हालाही लावा. न्यायमूर्ती जीवन रेड्डी म्हणाले, असा सरसकट नियम नाही. वकील हा पक्षकाराचा एजंट, त्याने अधिकारात राहून केलेलं ते पक्षकाराने केलेलं. वाटेल तेव्हा वकिलावर ढकलून मोकळं व्हायचं असं चालणार नाही. आणि तुम्ही काही खेड्यातले अडाणी पक्षकार नाही, तुमचं मुख्य ऑफिसच कलकत्त्यात आहे.

मला हा निकालही पटतो, हीच तर पंचाईत आहे. कारण समोर सलील दत्तही उभे आहेत, त्यांनी तर सगळं वेळेवर केलंय. 'वकील चुकला' हे कारण नेहमीच चाललं तर ज्याला केस लांबवायची आहे तो मुद्दाम वकिलाला दांडी मारायला सांगेल. म्हणजे दोन निर्दोष माणसांत नुकसान कसं वाटायचं असा प्रश्न पडतो, आणि ज्याच्यामुळे नुकसान झालं तो तिसरा माणूस चित्रातच नसतो. रफीकमध्ये देसाईंनी त्याला ओढून चित्रात आणलं होतं. नंतर तो हळूच बाहेर सरकला.

फौजदारी कामात कोर्टांनी थोडी जास्त काळजी घेतली, कारण तिथे भिंत नाही, माणूस पणाला लागलेला असतो. 1984 साली एका लेफ्टनंट कर्नलच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फौजदारी खटल्याचं वकीलपत्र घेतलं की खटला रोज चालला तर वकिलाने रोज आलंच पाहिजे, नाहीतर तो व्यावसायिक कर्तव्यभंग. 1996 मध्ये बनी सिंगच्या निकालात तीन न्यायमूर्तींनी ठरवलं की फौजदारी अपील केवळ वकील आला नाही म्हणून काढून टाकता येणार नाही. कोर्टाने कागदपत्रं वाचून गुणदोषावरच निकाल द्यायला हवा, आणि आरोपी तुरुंगात असेल तर गरज वाटल्यास सरकारी खर्चाने वकील द्यावा. दिवाणीत मात्र पुकारा झाला, माणूस नाही, फाइल बंद, हे चालूच राहिलं.

मग नव्वदीच्या शेवटी पुन्हा संपाचा प्रश्न ऐरणीवर आला. 1998 साली दिल्लीतली एक केस, महाबीर प्रसाद सिंग यांची. बार असोसिएशनने एका विशिष्ट न्यायाधीशावर बहिष्कार टाकलेला, वकील त्या कोर्टात जाईनात. सुप्रीम कोर्ट म्हणालं, बहिष्कार असो नसो, न्यायाधीशाने काम चालू ठेवलंच पाहिजे. आणि ज्या वकिलाला एखाद्या कोर्टात जायचं नाही त्याने सरळ वकीलपत्र परत करावं, म्हणजे पक्षकाराला दुसरा वकील करता येईल. केस धरून ठेवायची आणि कोर्टातही जायचं नाही हे शोभत नाही. मला यात थेट 1920 चे मोतीलाल आणि दास दिसले. त्यांचा बहिष्कार त्यांच्या खिशातून जात होता, आताचा बहिष्कार पक्षकाराच्या खिशातून.

दोन वर्षांनी, 14 नोव्हेंबर 2000 ला, न्यायमूर्ती के. टी. थॉमस आणि आर. पी. सेठी यांनी रॅमन सर्व्हिसेसचा निकाल दिला. संपाच्या दिवशी वकील आला नाही, कंपनीविरुद्ध एकतर्फी हुकूम झाला. कोर्टाने तो 5000 रुपये खर्चाच्या अटीवर रद्द केला आणि सांगितलं की यातली निम्मी रक्कम कंपनीने आपल्या वकिलांच्या फर्मकडून वसूल करावी. निम्मीच का? तर खरं पूर्ण रक्कम वसूल करायला सांगणार होतो, पण असं पाऊल आम्ही पहिल्यांदाच उचलतोय आणि असं काही होईल याची वकिलांना कल्पना नसणार, म्हणून अर्धी माफ. यापुढे मात्र संपासाठी गैरहजर राहिलात तर पक्षकाराला झालेल्या नुकसानीला तुम्ही जबाबदार, ही सूचना समजा.

इथे मी वाचता वाचता थांबलो. पहिल्यांदाच? एकोणीस वर्षांपूर्वीचे दोनशे रुपये कुठे गेले? नीट बघितलं तर रॅमनमध्ये संप होता आणि रफीकमध्ये तसं काही समोर आलेलं नव्हतं, त्यामुळे कोर्टाचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या चूक नाही. पण वकिलाच्या दांडीची किंमत वकिलाने मोजायची, ही कल्पना दोन दशकांनंतरही नवीन वाटावी, यातच सगळं आलं. आमच्याकडे एखादा बग फिक्स होतो, पण मेन ब्रँचमध्ये मर्जच होत नाही, तसं काहीतरी.

17 डिसेंबर 2002 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने माजी कॅप्टन हरीश उप्पल यांच्या याचिकेवर निकाल दिला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती व्हरियावांचं, जे आधी मुंबई हायकोर्टात होते. वकिलांना संपाचा अधिकार नाही, बहिष्काराची हाक देण्याचा नाही, लाक्षणिक संपाचासुद्धा नाही. निषेध करायचा तर निवेदन द्या, काळी किंवा पांढरी फीत लावा, कोर्टाच्या आवाराबाहेर शांततेत मोर्चा काढा. न्यायव्यवस्थेची प्रतिष्ठा आणि स्वातंत्र्यच पणाला लागेल अशा अगदी दुर्मीळ प्रसंगी एखाद्या दिवसापुरतं कोर्टं दुर्लक्ष करतील, बस्स.

याहून स्पष्ट काय लिहायचं? पण पुढचे आकडे बघा. मार्च 2017 मध्ये विधी आयोगाचा 266 वा अहवाल आला. त्यात उत्तराखंडचे 2012 ते 2016 चे आकडे आहेत. डेहराडून जिल्ह्यात पाच वर्षांत 455 दिवस संप. हरिद्वारमध्ये 515 दिवस, म्हणजे वर्षाला सरासरी 103. आणि आयोगाने नोंदवलेली देशभरातली कारणं? पाकिस्तानातल्या शाळेतला बॉम्बस्फोट. श्रीलंकेच्या घटनेतली दुरुस्ती. नेपाळचा भूकंप. मुसळधार पाऊस. आणि (खुर्चीला धरून बसा) कविसंमेलन :-)

डेहराडून, हरिद्वार आणि उधमसिंह नगर इथे तर दर शनिवारी बहिष्कार, तोही 35 वर्षांहून जास्त काळ! फेब्रुवारी 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बेकायदा ठरवला. एप्रिल 2023 मध्ये त्याच प्रकरणात सगळ्या हायकोर्टांना सांगितलं की वकिलांच्या तक्रारी ऐकायला समित्या नेमा, म्हणजे संपाची वेळच येणार नाही. ही गोष्ट मला चांगली वाटली. वकिलांच्या तक्रारी खोट्या नसतात. बसायला जागा नाही, न्यायाधीशांची पदं रिकामी, कधीकधी अपमानही. पण त्याचं बिल आत्यासारख्यांच्या नावावर का फाडायचं?

मग पक्षकाराने करायचं काय? मार्ग आहेत. 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टच्या 35 व्या कलमाखाली बार कौन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रार करता येते. ताकीद, काही काळ सनद स्थगित, किंवा कायमचं नाव काढणं अशा शिक्षा आहेत. पण तक्रार ऐकणारे वकीलच, आणि तुमच्या गेलेल्या केसची भरपाई तिथे मिळत नाही. दुसरा मार्ग म्हणजे निष्काळजीपणाबद्दल वकिलावरच दावा. इंग्लंडात कोर्टात केस चालवणाऱ्या बॅरिस्टरवर असा दावा करायची सोयच नव्हती, हाउस ऑफ लॉर्ड्सने ते कवच 2000 साली काढलं. आपल्याकडे मात्र 1926 च्या कायद्यानेच सांगितलं होतं की फी ठरवून काम घेतलेल्या वकिलाला, केवळ तो वकील आहे म्हणून, निष्काळजीपणाच्या दाव्यातून सुटका नाही. या बाबतीत आपण साहेबाच्या कितीतरी पुढे! फक्त असा दावा करणारे फार थोडे. बंगळूरच्या बाजूच्या अशा एका केसमध्ये वकिलावर दावा करणारा पक्षकार दावा चालू असतानाच वारला, आणि तो गेल्यावर दावाही संपला का, हा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. 1988 मध्ये कोर्टाने सांगितलं की पैशाचं जे नुकसान आहे त्याच्यापुरता वारसांना दावा चालवता येईल. वकिलाने केस बुडवली म्हणून केलेली केस, आणि त्यात पक्षकाराचं आयुष्य संपलं. शिवाय त्या दाव्यालाही वकीलच लागतो!

तिसरा मार्ग ग्राहक न्यायालयाचा होता. 2007 साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वकिलाची सेवा ही ग्राहक कायद्यात येते असं म्हटलं होतं. डॉक्टर तर 1995 पासून येतातच. पण 14 मे 2024 ला सुप्रीम कोर्टाने तो मार्ग बंद केला. कारणांपैकी एक असं की वकील कसं काम करतो यावर पक्षकाराचं बरंच थेट नियंत्रण असतं, म्हणून ही व्यक्तिगत सेवेच्या कराराची गोष्ट आहे.

हे वाक्य मी दोनदा वाचलं. 1981 मध्ये कोर्ट म्हणालं होतं की पक्षकार खेड्यातला, त्याला रीत ठाऊक नाही, त्याने वकिलावर पहारा देण्याची अपेक्षा करू नका. 2024 मध्ये कोर्ट म्हणतं की पक्षकाराचं वकिलावर थेट नियंत्रण असतं. वकिलाला त्याच्या पक्षकाराच्या सांगण्याबाहेर जाऊन तडजोड करता येत नाही, पक्षकाराच्या वतीने काही कबूल करता येत नाही, या अर्थाने दुसरं म्हणणं बरोबर आहे. पण वकील मंगळवारी सकाळी अकरा वाजता दोन नंबरच्या कोर्टात उभा राहील की नाही, यावर आत्याचं काय नियंत्रण होतं? तो फोनही उचलत नव्हता.

शंभर वर्षांचा हिशेब मांडला तर मला असं दिसतं. तत्त्व म्हणून कोर्टांनी जवळजवळ प्रत्येक वेळी योग्यच सांगितलंय: वकिलाने यायलाच हवं, संप चालणार नाही, पक्षकाराचा दोष नाही. पण नियम लिहिलेत त्या पुस्तकात शिक्षा अजून पक्षकारालाच आहे. दावा त्याचा निघतो, 30 दिवसांचं घड्याळ त्याचं चालू होतं, खर्च त्याला बसतो. वकिलाकडून वसुली करायची तर न्यायाधीशाने मुद्दाम ठरवून तसं लिहावं लागतं, आणि बहुतेक वेळा कोणी लिहीत नाही. म्हणजे चुकीची किंमत आपोआप एकाकडे जाते, आणि दुसऱ्याकडे ती हाताने उचलून न्यावी लागते. ज्या सिस्टिममध्ये चूक करणाऱ्याला अलर्टच जात नाही, तिथे ती चूक परत परत होणार. हे सांगायला कायद्याची डिग्री लागत नाही.

आत्याचं पुढे काय झालं? आम्ही दुसरा वकील केला. त्याने विलंब माफीचा अर्ज केला, दावा पुन्हा बोर्डावर घेण्याचा अर्ज केला, रफीकचा निकाल जोडला. समोरच्या वकिलाने सलील दत्तचा जोडला. (मी मागे बाकावर बसून होतो, दोन्ही नावं ऐकून जुने शेजारी भेटल्यासारखं वाटलं.) दीड वर्ष गेलं. मागच्या महिन्यात अर्ज मंजूर झाला, 1000 रुपये खर्च भरण्याच्या अटीवर. ते हजार रुपये आत्याने भरले. शेजाऱ्याला. भिंत अजून आहे.

मी नव्या वकिलांना विचारलं, "साहेब, हे हजार आधीच्या वकिलांकडून नाही का घेता येणार?" ते हसले. म्हणाले, "अहो, त्यांच्याकडे माझं रोजचं उठणं-बसणं आहे. आणि उद्या माझीही एखादी तारीख चुकेल." माणूस प्रामाणिक आहे, म्हणून सांगितलं तरी.

आता आत्याचा सीएनआर नंबर माझ्या फोनमध्ये आहे. तारखेच्या आदल्या रात्री मी बोर्ड बघतो, सकाळी वकीलसाहेबांना एक मेसेज टाकतो, संध्याकाळी रोजनाम्यात काय चढलं ते बघून आत्याला फोन करतो. प्रॉडक्शनच्या ऑन-कॉलसारखीच ही एक ड्यूटी झालीय. न्यायमूर्ती देसाई म्हणाले होते की पक्षकाराने पहारा द्यायची गरज नाही. पण तुमच्या घरात कोणाची केस चालू असेल तर माझं ऐका, आज रात्रीच नंबर टाकून बघा.

परवा फोनवर आत्या म्हणाली, "ते हजार रुपये गेले त्याचं काही नाही रे. पण त्या दिवशी पुकारा झाला तेव्हा माझं नाव घेतलं असेल ना? मी घरी असले तरी आले असते."